रांगत्या मुलाची नोंद

चंद्रपूरचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर परकोट येतो, बल्लारपूरचा किल्ला येतो, गोंड राजांचं हत्तीवर झेपावणाऱ्या सिंहाचं चिन्ह येतं, राणी हिराईनं बांधलेली समाधी येते. मग १७५१ च्या सुमारास भोसल्यांची सत्ता, १८५४ च्या आसपास इंग्रजांचा ‘चांदा’ जिल्हा, साग, कोळसा, महसूल. या सगळ्याची कागदपत्रं आहेत. पण त्याच परकोटाच्या आत, एखाद्या घराच्या सारवलेल्या ओसरीवर, एक वर्षाचं लेकरू पहिल्यांदा भिंत सोडून दोन पावलं चाललं असेल, आणि धपकन बसलं असेल. त्याची नोंद कुणी ठेवायची? आज मी त्याच लेकराविषयी बोलणार आहे. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतचं मूल, त्याचा खेळ, त्याचे हात-पाय-नाक-कान, आणि मोठ्या माणसांनी या खेळाकडे कधी आणि कसं पाहिलं, याची ही गोष्ट आहे. विषय आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा आहे, पण तो समजून घ्यायला आपल्याला थोडं फिरावं लागेल.

आपल्या जुन्या लोकांना लहान मुलाच्या खेळाचं काही कळत नव्हतं, असं समजायचं कारण नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात खेळण्यांविषयी एक छोटा मजकूर आहे. त्याचा भावार्थ असा की बाळाची खेळणी रंगीबेरंगी असावीत, आवाज करणारी असावीत, दिसायला सुंदर असावीत, जड नसावीत, त्यांना टोक नसावं, ती तोंडात जाण्याइतकी लहान नसावीत, जिवाला धोका करणारी नसावीत आणि मुलाला घाबरवणारी नसावीत. आजच्या खेळण्याच्या खोक्यावर बारीक अक्षरात जे इशारे छापलेले असतात, त्यातले निम्मे इथं आहेत. मला यात सर्वांत आवडतं ते शेवटचं: घाबरवणारी नसावीत. सुरक्षिततेचा विचार करणारे पुष्कळ असतात, मुलाच्या मनाला काय वाटेल हे विचारणारे कमी.

ग्रंथात होतं म्हणून ते घराघरांत होतं, असं मात्र म्हणता येत नाही. घराघरांत जे होतं ते वेगळ्या वाटेनं आलेलं होतं. आजीनं पाय लांब करून बसायचं, बाळाला पायांवर पालथं घ्यायचं, तेल चोळायचं, हात-पाय उलटसुलट जुळवायचे, मग ऊन पाणी. आपल्याकडे जवसाचं तेल, जंगलपट्ट्यात मोहाच्या बियांचं, म्हणजे टोरीचं तेल. पायात वाळे, कमरेला करगोटा, पाळण्यावर टांगलेलं काहीतरी हलणारं. तळहातावर बोट फिरवत म्हणायची गाणी, आणि शेवटी काखेत गुदगुल्या. आजचे बालविकासाचे अभ्यासक स्पर्श, तोल, ऐकणं, वाट पाहणं असे शब्द वापरतात, ते सगळं त्या गाण्यात एका मिनिटात होऊन जातं. गुदगुल्या येणार हे माहीत झालेलं मूल आधीच हसायला लागतं. म्हणजे पुढं काय घडणार याचा अंदाज त्याला आलेला असतो. विचार करण्याची सुरुवात ती हीच.

आता आपल्या विदर्भातल्या एका गोष्टीवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तिच्याकडे या दृष्टीनं फारसं कुणी पाहिलेलं नाही. तान्हा पोळा. श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा होतो, आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पाडव्याला, लहान मुलांचा पोळा. उर्वरित महाराष्ट्राला हे सांगितलं की आश्चर्य वाटतं. नागपूरकर भोसल्यांच्या, विशेषतः दुसऱ्या रघुजीराजांच्या काळापासून ही प्रथा चालत आली असं सांगतात. हे रघुजीराजे १७८८ ते १८१६ या काळात गादीवर होते. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा आजही लोक मुद्दाम पाहायला जातात. लाकडी नंदी, खाली चार चाकं, गळ्यात दोरी. मुलं नटूनथटून आपापला नंदी ओढत घरोघरी जातात आणि बोजारा गोळा करतात.

मोठ्यांच्या दृष्टीनं हा सण म्हणजे शेतकऱ्याच्या पोराला बैलाची ओळख. ते खरंच आहे. पण दीड वर्षाच्या मुलाच्या दृष्टीनं पाहा. त्याला नुकतं चालता येऊ लागलेलं आहे. हातात दोरी आहे, मागून काहीतरी खडखडत येतं आहे. तो थांबला की आवाज थांबतो, तो चालला की आवाज सुरू होतो. म्हणजे हा आवाज मी करतो आहे! दोरी हातात धरून तोल सांभाळायचा, पुढं चालायचं आणि मागं वळून पाहायचं, या तीन गोष्टी एकाच वेळी करणं त्या वयात सोपं नसतं. पडतो. नंदीही उलटतो. नंदीला सरळ करायला वाकावं लागतं, वाकलं की पुन्हा तोल जातो. त्याच्याआधीच्या वयासाठी पांगुळगाडा होताच, तीन चाकांचा, मुलानं धरून ढकलायचा. दोन्ही वस्तू गावच्या सुताराच्या. मोठ्या कामातून उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांतून होण्यासारख्या. पांगुळगाडा ढकलायचा आणि नंदी ओढायचा. ज्यानं कुणी हा क्रम पहिल्यांदा लावला, त्याचं मुलांकडे बारीक लक्ष होतं एवढं नक्की.

पडण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. न्यूयॉर्कमधल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ नावाच्या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं मोकळी खेळत असताना तासाला किती पावलं टाकतात आणि किती वेळा पडतात हे त्यांनी मोजलं. सरासरी निघाली तासाला २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. आपल्यापैकी कुणी तासात सतरा वेळा पडलं तर दवाखान्यात नेतील. मूल उठतं आणि पुन्हा चालतं. चालणं हे शिकवून येत नाही, ते एवढ्या पावलांनी येतं; आणि त्यासाठी मुलाला जमीन लागते, मोकळी जागा लागते, आणि ‘पडशील, पडशील’ असं न ओरडणारं कुणीतरी जवळ लागतं.

जागेच्या बाबतीत आपले जंगलातले लोक श्रीमंत होते, असं एक मत आहे. एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची इकडे फिरून आलेली शहरातली माणसं हे मत फार लवकर बनवतात. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पहाटे अंधारातच घरातली सगळी माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, आणि कडेवरचं मूलही जातं. झाडाखालची जमीन आधीच झाडून साफ केलेली असते. त्या जमिनीवर टपोरी, रसरशीत, गोड वासाची फुलं पडलेली असतात. मूल बसतं आणि आईचं पाहून एकेक फूल अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून उचलतं, दाबतं, हुंगतं, तोंडात घालतं, एखादं टोपलीत टाकतं. बालवाडीच्या प्रशिक्षणात ‘चिमटीत वस्तू पकडणे’ या एका कौशल्यासाठी मणी, डबी, असं साहित्य जमवावं लागतं. इथं ते झाडावरून पडतं. धानाच्या रोवणीत चिखल असतो, मळणीनंतर तणसाचा ढीग असतो, बुरडाच्या दारात बांबूच्या कामट्या असतात. हे सगळं खरं आहे.

आणि तरीही मला ते मत पटत नाही. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर ठेवलेलं मूल चार-पाच तास कुणाकडे असतं? सहा-सात वर्षांच्या बहिणीकडे. मेमध्ये तेंदूचा हंगाम लागतो. सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, ते फडीवर पोचवायचे, सगळं घर त्यात गुंतलेलं. तान्हं पुन्हा बहिणीच्या कमरेवर. तिथं साप आहेत, शेकोटी आहे, पावसाळ्यात मलेरिया आहे. जंगल मुलाला पुष्कळ देतं हे खरं, पण भुकेलं मूल ते घेऊ शकत नाही. ज्यांनी अंगात रक्त नसलेलं, तापानं खंगलेलं दीड वर्षाचं मूल पाहिलं आहे त्यांना ठाऊक असेल. ते रडतही नाही फारसं. बसवलं तिथं बसतं. समोर वाटी ठेवली तरी ती वाजवून पाहत नाही. या गोष्टीकडे मी नंतर परत येणार आहे.

बहिणीच्या कमरेवरचं हे मूल आपल्या शिक्षणाच्या इतिहासात प्रथम कुणाला दिसलं? माझं उत्तर आहे, ताराबाई मोडकांना. पण त्यांच्याआधी रोमला जाऊन यावं लागेल. ६ जानेवारी १९०७ या दिवशी रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसोरी या डॉक्टर बाईंनी कामगारांच्या मुलांसाठी बालगृह सुरू केलं. मूल हातांनी शिकतं, इंद्रियांनी शिकतं, हे त्यांचं सूत्र. त्यासाठी त्यांनी साहित्य तयार केलं. चढत्या आकाराचे ठोकळे, खाचांत बसवायच्या दट्ट्या, खरखरीत कागदाची अक्षरं, वासाच्या बाटल्या. हा विचार गुजरातेत भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी उचलला आणि १९२० साली तिथं बालमंदिर सुरू झालं. लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीत राहिलेल्या ताराबाई १९२३ साली तिथं दाखल झाल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढं ताराबाई मुंबईत आल्या आणि दादरला त्यांनी १९३६ साली शिशुविहार काढलं. खुद्द माँटेसोरीबाई १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत इथंच राहिल्या, हाही योगायोग पाहण्यासारखा आहे. इटली शत्रुराष्ट्र ठरल्यामुळे इंग्रज सरकारनं त्यांच्यावर बंधनं घातली, आणि त्या काळात मद्रासजवळच्या अड्यारला त्यांनी शेकडो हिंदी शिक्षकांना तयार केलं.

दादरचं शिशुविहार उत्तम चाललं होतं. पण ताराबाईंच्या मनात एक काटा होता. हे साहित्य महाग होतं आणि ही मुलं शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांतली होती. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. त्यांच्या हाताशी आल्या अनुताई वाघ. दोघींनी बोर्डीत बालवाडी सुरू केली आणि पहिल्याच झटक्यात कळलं की दलित वस्तीतली, गरीब वाड्यांतली मुलं बालवाडीपर्यंत येतच नाहीत. मग त्यांनी उलटं केलं. बालवाडीच वाडीत नेली. कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखं काढायची, गाणी म्हणायची, खेळायचं. या प्रकाराचं नाव पडलं अंगणवाडी. आज देशभर तामिळनाडूपासून काश्मीरपर्यंत हाच शब्द सरकारी पाट्यांवर आहे, आणि त्याचं मूळ समुद्राकाठच्या त्या अंगणात आहे, हे आपल्या मुलांना शाळेत सांगितलं पाहिजे.

साहित्याचंही तसंच. लाकडी दट्ट्यांच्या जागी शिंपले, बिया, चिंचोके, दगडगोटे, पानं, फुलं, माती. लहान-मोठं, खरखरीत-गुळगुळीत, जड-हलकं, हे सगळं परिसरातच होतं. टीकाकार म्हणतील, ही तडजोड होती. मला वाटतं, हा पुढचा टप्पा होता. माँटेसोरीबाईंनी मुलांच्या इंद्रियांसाठी पेटीत एक छोटं जग बसवलं होतं. ताराबाईंनी विचारलं, बाहेर जग असताना पेटी कशाला?

१९५७ साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेल्या. तिथं त्यांना भेटली आपली ती बहीण, कमरेवर भावंडं घेतलेली. तिला शाळेत बोलवायचं तर भावंडाचं काय? आणि गुरं राखणाऱ्या मुलांचं काय? म्हणून तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आली, विकासवाडी म्हणून. आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा, जिथं गुरं तिथं शाळा. तान्ह्याला पाळणाघरात ठेवलं की बहीण शेजारच्या वर्गात. एका निर्णयानं दोघांची सोय. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, १९७३ साली त्या गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत होत्या. पण पाळणाघर या भागाचं पुढं काय झालं? अंगणवाडी हा शब्द सरकारनं घेतला, पाळणाघर मात्र मागं राहिलं. त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

आपल्या अगदी शेजारी, सेवाग्रामलाही या काळात हा विचार चालू होता. गांधीजींची नई तालीम १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडली गेली, ती सात वर्षांपुढच्या मुलांसाठी. पण तुरुंगातून सुटल्यावर, १९४४-४५ मध्ये, त्यांनी शिक्षणाची हद्द वाढवली. आईच्या पोटात मूल असतं तेव्हापासून ते मरणापर्यंत, असा पट मांडला. सेवाग्रामला पूर्व-बुनियादीचं काम शांताबाई नारुळकरांनी उभं केलं. घर, स्वच्छता, आईचं शिक्षण आणि मुलाचा खेळ, सगळं एकत्र. चंद्रपूर तिथून फार लांब नाही. पण रस्ता असला म्हणून विचार चालत येतोच असं नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. सुरुवातीला सगळ्या देशात ३३ प्रकल्प. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईला आहार-आरोग्याचं शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, अशा सहा सेवा. कागदावर योजना चांगली आहे, आजही चांगली आहे. पण नीट पाहिलं तर एक फट दिसते. पूर्वप्राथमिक शिक्षण आहे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी काय? त्याचं वजन करायचं, लस टोचायची, आणि आईच्या हातात आहाराचं पाकीट द्यायचं. त्याच्याशी खेळायचं, हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. मेंदूची वाढ सर्वांत वेगानं होते तो काळ नेमका या फटीत पडला.

गडचिरोलीच्या बाबतीत याला एक कारणही होतं, आणि ते समजून घेतलं पाहिजे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. तेव्हाचा प्रश्न मूल खेळतं की नाही हा नव्हताच. मूल जगतं की नाही, हा होता. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी इथं ‘सर्च’ संस्था सुरू केली. बालमृत्यूंचं मोठं कारण न्यूमोनिया हे लक्षात आल्यावर निरक्षर दाईलाही मुलाचे मिनिटभरातले श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी मणी सरकवण्याचं एक साधं उपकरण केलं. पाटीवरच्या मण्यांसारखं! मग ३९ गावांत घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम झालं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९९ च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं आणि जगानं गडचिरोलीचं नाव ऐकलं. २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या घरी जाऊन नवजात बाळाला पाहू लागल्या, त्यामागे हे काम आहे.

म्हणजे आधी श्वास मोजले, मग वजन मोजलं. ज्या जिल्ह्यात मुलं मरत होती तिथं हाच क्रम असायला हवा होता, यात वाद नाही. माझी तक्रार पुढची आहे. वजनापाशी आपण फार काळ थांबलो. मूल आधी पोटभर जेवू दे, वजन भरू दे, मग खेळाचं बघू, असं आपण म्हणत राहिलो. हा क्रम बरोबर आहे का, याचं उत्तर १९९१ सालीच मिळालेलं होतं, पण ते आलं फार दुरून. जमैका बेटावरून.

जमैकाची राजधानी किंग्स्टन. तिथल्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर या डॉक्टर बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ ते २४ महिने वयाची, उंची खुंटलेली १२९ मुलं निवडली. त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला दुधाचा पूरक आहार. दुसऱ्या गटाच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जाई. ती आईसमोर मुलाशी खेळे, आईला खेळायला लावी, बोलायला लावी. खेळणी घरच्या टाकाऊ वस्तूंतून केलेली. तिसऱ्या गटाला दोन्ही आणि चौथ्याला यातलं काहीच नाही. दोन वर्षं हे चाललं. आहारानं फायदा झाला, खेळानंही झाला, दोन्ही मिळालेल्या मुलांना सर्वांत जास्त. इथपर्यंत ठीक. पण संशोधकांनी त्या मुलांचा माग सोडला नाही. ती मुलं बावीस वर्षांची झाली तेव्हा पाहिलं, तर लहानपणी ज्यांच्याशी खेळलं गेलं होतं त्यांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्के जास्त होती. हे २०१४ साली ‘सायन्स’मध्ये छापून आलं. आठवड्यातून एक तास, प्लास्टिकच्या बाटल्या आणि झाकणं.

आता मघाच्या त्या वाटी न वाजवणाऱ्या मुलाकडे येऊ. मुलाची उपासमार झाली की शरीर जपून खर्च करू लागतं. हालचाल कमी, उत्सुकता कमी. मूल हसत नाही म्हणून मोठी माणसंही त्याच्याशी कमी बोलतात. ते मागत नाही म्हणून कमी दिलं जातं. त्याचं गप्प बसणं शहाणपणा समजलं जातं. ‘लई शांत आहे बाई लेकरू’ हे वाक्य आपण कौतुकानं म्हणतो. काही मुलं खरोखरच शांत असतात. पण कुपोषणाच्या गावात हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते.

म्हणूनच तीव्र कुपोषित मुलांच्या उपचारासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं ज्या दहा पायऱ्या ठरवल्या आहेत, त्यांतली नववी पायरी आहे इंद्रियांना चालना आणि मायेचा आधार. साखर उतरू न देणं, अंग गार पडू न देणं, जंतुसंसर्गावर औषध, हळूहळू आहार वाढवणं, या सगळ्यांच्या रांगेत. दिवसातून पंधरा ते तीस मिनिटं ठरवून खेळ. संघटनेच्या १९९९ च्या पुस्तिकेत त्यासाठी घरी करायच्या खेळण्यांची चित्रंच दिली आहेत. दोरीत ओवलेली कडी, खुळखुळा, एकात एक बसणाऱ्या वाट्या, बाटलीत टाकायच्या वस्तू, बाटलीच्या झाकणांची उतरंड, ढोलकं, आरसा, ढकलायचं खेळणं, दोरीनं ओढायचं खेळणं. हे शेवटचे दोन वाचले तेव्हा मी थांबलो. पांगुळगाडा आणि तान्ह्या पोळ्याचा नंदी! औषधाच्या पुस्तिकेत.

गेल्या काही वर्षांत सरकारी कागदही बदलू लागले आहेत, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. महाराष्ट्रानं २०१५ च्या अखेरीस अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी एक वेळच्या चौरस जेवणाची अमृत आहार योजना आणली, पुढच्या वर्षी मुलांसाठी अंडी-केळी आली. २०१८ पासून आशांनी बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जायचं ठरलं, आणि त्या भेटीत खेळाविषयी बोलणं आलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं मात्र शिक्षणाची शिडी पुन्हा तिसऱ्या वर्षापासूनच लावली. २०२३ साली ‘पोषण भी पढाई भी’ आलं, आणि २०२४ साली ‘नवचेतना’ हा आराखडा आला, जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. छत्तीस महिन्यांचं कॅलेंडर, १४० कृती. १९७५ ची फट कागदावर बुजवायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

कागदावर म्हणतो, कारण पुढचं सगळं अंगणवाडी सेविकेवर आहे. आहार, वजनं, मोबाईलमधली नोंद, गृहभेटी, निवडणुकीच्या वेळची कामं, आणि आता १४० कृती. तिला मिळतं ते मानधन, पगार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या, त्याची बातमी आपण ‘पोषण आहार बंद’ अशी वाचली. खेळ बंद पडला, असं कुठंही छापून आलं नाही.

दुसरी अडचण भाषेची. भामरागडच्या माडिया घरात मूल माडिया ऐकत मोठं होतं, धानोऱ्याकडे गोंडी. कृतींची पुस्तकं येतात हिंदी-इंग्रजीत, फार तर मराठीत. मोठ्या मुलाचं एक वेळ निभावेल, पण दीड वर्षाच्या मुलाचा खेळ हा मुळात बोलण्याचाच खेळ असतो. ‘नाक कुठंय, कान कुठंय’ हे आईच्या भाषेतच विचारावं लागतं. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ साली स्वतःची गोंडी शाळा काढली. पुढं मान्यता नसल्याबद्दल तिला नोटीस आली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. ती शाळा मोठ्या मुलांची, पण तिनं उभा केलेला प्रश्न पाळण्यापर्यंत जातो. माडियातली अंगाई, बोटांचे खेळ, प्राण्यांच्या आवाजांचे खेळ त्या गावांतल्या आज्यांना येतात. ते लिहून, ध्वनिमुद्रित करून सेविकांच्या हाती देणं हे काही मोठ्या खर्चाचं काम नाही. खरं तर ते आपल्या रेडिओचंच काम आहे, आणि रेडिओवर बोलतो आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो.

शहरातल्या श्रोत्यांनी आपण सुटलो असं समजू नये. चंद्रपूर, बल्लारपूर, वणीच्या कोळसापट्ट्यातल्या घरांत आज वेगळीच टंचाई आहे. खायला भरपूर, अंगण नाही. अडीच वर्षांचं मूल नर्सरीत बाकावर बसवलेलं, हातात पेन्सिल. आणि घरी आलं की जेवताना समोर मोबाईल. ज्या बोटांनी अजून माती नीट चिवडली नाही, त्यांना अक्षर गिरवायला लावतात. त्या मुलाला चिकट, ओलं, खरखरीत, गार, असं काही हाताळायला मिळालं की ते हात झटकतं आणि आई म्हणते, आमच्या बाळाला घाण मुळीच आवडत नाही. त्याच्यासाठी परातभर तांदूळ आणि एक वाटी पुरे. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतू द्या. निम्मे सांडतील. ते वेचायलाही त्यालाच बसवा, वेळ लागू द्या. फक्त जवळ राहा, कारण चिंचोका काय, मणी काय, या वयात सगळं आधी तोंडात जातं. चरकांनी तो इशारा दिलेलाच आहे.

गडचिरोलीच्या सेविकेला १४० कृतींचं कॅलेंडर मिळेल तेव्हा तिनं त्यातल्या किती घ्याव्यात, असं मला विचारलं तर मी म्हणेन, सुरुवातीला दहा. आणि कॅलेंडर उघडण्याआधी तिनं गावातल्या सुताराकडे, बुरडाकडे आणि दोन म्हाताऱ्यांकडे जाऊन यावं. सुताराला चार चाकांचा नंदी वर्षभर करता येतो. फक्त पोळ्याच्या पंधरवड्यातच करायचा असा काही नियम नाही. बुरडाला एकात एक बसणाऱ्या पाच टोपल्या विणता येतात, तळहाताएवढ्या ते सुपाएवढ्या. या वस्तू घरोघरी फिरत्या ठेवता येतील, एका आठवड्याला एका घरी. जमैकातही दर भेटीला खेळणी ठेवायची आणि पुढच्या वेळी बदलायची, असंच चाललं होतं. नोंदवहीत वजनाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा लागेल. त्यात आकडा नको. मुलानं या आठवड्यात नवीन काय केलं, एवढं एका ओळीत लिहायचं. भिंत सोडून चाललं, वाटी वाजवली, टोपलीत टोपली बसवली.